असंभव कथानक आणि रसास्वाद

पेडणे आणि डिचोली तालुक्यांत जत्रांचा हंगाम सुरू झाला की देवळासमोर रात्री दशावताराचा खेळ उभा राहतो. रंगभूमीवर एक साधे बाकडे असते. तेच इंद्राचे सिंहासन आणि तीच वनातील शिळा. आरंभी गणपती, ऋद्धिसिद्धी व मोरावर आरूढ झालेली सरस्वती येऊन जाते. मग काळ्या वेषातला, तोंडावर काळा बुरखा आणि लोंबती लाल जीभ असलेला संकासुर येतो, गावच्या बोलीत थट्टामस्करी करतो आणि विष्णूच्या हातून मरतो. पुढील आख्यानात राणी झालेला नट पुरुष आहे, आणि सकाळी तोच आपले गाठोडे उचलून पुढच्या गावची वाट धरणार आहे, हे लहान पोरालाही ठाऊक असते. राजा दोन गिरक्या घेतो व घोर अरण्यात पोहोचतो. कोणी हरकत घेत नाही. आणि हाच प्रेक्षक घरी दूरचित्रवाणीवरील मालिका पाहताना, अपघातात चेहरा बदललेली नायिका नवऱ्यालाही ओळखू येत नाही असे दिसताच कपाळाला हात लावतो!

ही विसंगती वरवरची आहे. काश्मीरचा अभिनवगुप्त याने सुमारे हजार वर्षांपूर्वी रसास्वादातील सात विघ्ने सांगितली. त्यांतले पहिलेच विघ्न संभाव्यतेचा अभाव हे होय. जे घडू शकेल असे वाटतच नाही, त्यात मन गुंतणार कसे? यावर त्याने उपायही सुचविला. लोकोत्तर कृत्ये दाखवावयाची तर ती रामासारख्या विख्यात नायकाची दाखवावीत, कारण अशा नायकाविषयीचा विश्वास लोकांच्या मनात आधीच खोल रुजलेला असतो. ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल दुसऱ्या वाटेने जवळपास तेथेच पोहोचला. अशक्य असूनही पटणारी गोष्ट, शक्य असूनही न पटणाऱ्या गोष्टीपेक्षा नाटकाला बरी, असे त्याचे मत होते.

पेडण्याचा प्रेक्षक हा विश्वास घेऊनच खेळाला येतो. हा मुलूख 1788 मध्ये सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेला, तरी तेरेखोल नदीच्या दोन्ही तीरांवरील जत्रा आणि दशावतारी नाटके एकाच घडणीची राहिली. शिवाय या नाटकाला लिखित संहिता नसते. आख्यानाचा सांगाडा तेवढा ठरतो आणि संवाद नट जागच्या जागी रचतात. त्यामुळे ‘हे घडले कसे?’ हा प्रश्न पुष्कळदा दुसरे पात्रच विचारते, आणि शाप, वर वा पूर्वजन्मीचे वैर यांचा दाखला देऊन नटाला तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागते. ज्याला पुराणे येत नाहीत, त्याची येथे फजिती होते.

चित्रपटातही आरंभीची असंभाव्यता सहज पचते. 1988 च्या ‘अशी ही बनवाबनवी’त भाड्याची खोली मिळावी म्हणून दोन तरुण बायकांची सोंगे घेतात, आणि घरमालकीणबाईंना ती कळत नाहीत. हे कोणाला खरे वाटेल? पण जागेची अडचण खरी असते. एकदा ती अट मान्य केली की पुढचे सारे घोटाळे त्यातूनच निघतात. रसभंग होतो तो गाठ सोडविताना. लेखकाला वाट सापडत नाही, म्हणून हरवलेली स्मृती नेमकी हव्या त्या क्षणी परतते, तेव्हा आतापर्यंतचे अश्रू फुकट गेले असे प्रेक्षकाला वाटते.

अर्थात सारा दोष लेखकांचाच नव्हे. 2000 मध्ये सुरू झालेल्या ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ या हिंदी मालिकेतील मिहिर मेला, तेव्हा प्रेक्षकांनी एवढा आक्रोश केला की त्याला जिवंत करून परत आणावे लागले. त्याच्या परतण्याने घराघरांत आनंद झाला हे खरे. पण त्यानंतर मालिकांतील कोणत्याही मरणावर प्रेक्षकांनी विश्वास का ठेवावा? मृत्यू परतवता येतो असे ठरले की चितेपुढचा शोकही लटका पडतो.

अलीकडे दशावतारातही ‘ट्रिकसीन’ आले आहेत. धूर, रंगीत झोत, धडावेगळे होणारे शिर पाहावयास गर्दी होते, मुले हरखून जातात. दादासाहेब फाळक्यांनीही ‘कालिया मर्दन’ (1919) चमत्कारदृश्यांनीच सजविला होता, तेव्हा युक्तीला नाक मुरडण्याचे कारण नाही. तरीही एक फरक पडतोच. बाकडे हे सिंहासन आहे असे नटाने म्हटले की प्रेक्षक ते मानून मोकळा होतो. शिर खरोखरच तुटले असे दाखविले की त्याची नजर खरे-खोटे पारखू लागते. पुढच्या रांगेतली पोरे मग राक्षसाचे बोलणे सोडून त्याच्या मानेमागचा पडदा न्याहाळीत बसतात, आणि इतक्यात पेटी-मृदंगाच्या साथीत विष्णू प्रवेश करतो.