सारीपाट : निवड आणि चाल

म्हाळसेशीं सारीपाट खेळतांना खंडोबा पण हरला, अशी लोककथा आहे. दान देवाच्याहि हातीं नसतें. पट निवडणें मात्र आपल्या हातीं असतें. बुलढाण्याकडील उंद्रीसारख्या गांवीं तयार पट न मिळाल्यास जाड सुती कापडावर तो घरींच काढावा. पातळ कापडास सुरकुती पडते आणि सोंगटी कोणत्या घरांत, यावर तंटा होतो. चार पट्टे, प्रत्येकांत आठ-आठ घरांच्या तीन ओळी, अशीं ९६ घरें मोजावीं. सोंगट्या १६, त्यांचे चार रंग दिव्याच्या उजेडांतहि ओळखूं यावेत.

नवशिक्यानें प्रथम फुलीचीं घरें ध्यानांत ठेवावीं. तेथें सोंगटी मारली जात नाहीं. इतरत्र मारलेली सोंगटी पुन्हा मधल्या घरांतून निघते. म्हणून कवड्यांचें दान मोठें पडलें, तरी कोणती सोंगटी चालवावी, याचा विचार आधीं करावा.