शिकवले काय, विचारले काय?

‘द्रावण म्हणजे काय?’ हा प्रश्न आपण विज्ञानाच्या परीक्षेत हटकून विचारतो. व्याख्या पाठ असलेल्या मुलाला पूर्ण गुण मिळतात. पाटसला साखर कारखाना आहे; दौंड तालुक्यात गुऱ्हाळेही चालतात. तिथल्या एखाद्या मुलाने काहिलीत रस आटताना आणि गूळ उरताना कितीदा तरी पाहिलेले असते. व्याख्या आठवली नाही, तर त्याला शून्य! त्याला जे कळले आहे, ते आपण विचारलेलेच नसते.

१९५६ साली बेंजामिन ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी बोधात्मक उद्दिष्टांची सहा पायऱ्यांची वर्गवारी मांडली. त्यांतील ज्ञान, आकलन, उपयोजन हे शब्द पाठटाचणांमुळे आपल्या परिचयाचे आहेत. ब्लूम यांचे विद्यार्थी आर. एच. दवे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९१ मध्ये प्राथमिक शिक्षणासाठी किमान अध्ययन पातळ्या सुचवल्या. महाराष्ट्राचा १९९५ चा प्राथमिक अभ्यासक्रमही क्षमताधिष्ठित होता. म्हणजे उद्दिष्टे कागदावर आली. ती वर्गात आणि प्रश्नपत्रिकेत उतरवणे मात्र आपल्याच हाती असते.

उदाहरणार्थ, आपले उद्दिष्ट असे आहे : ‘द्रावणातील पाणी निघून गेले की विरघळलेला पदार्थ मागे उरतो, हे मुलांना नव्या प्रसंगी वापरता यावे.’ हे उपयोजन झाले. मग नुसती व्याख्या सांगून भागणार नाही. मुलांनी मिठाचे पाणी ताटलीत घालून उन्हात ठेवावे, काय उरेल याचा आधी अंदाज करावा आणि मग पाहावे.

परीक्षेत विचारावे : ‘काहिलीत ओतलेल्या रसापेक्षा तयार गुळाचे वजन कितीतरी कमी भरते. असे का?’ मळी काढल्याने थोडे वजन घटते. पण मुख्यतः पाणी वाफ होऊन जाते आणि साखर मागे राहते. इथे एक सावधगिरी हवी. गुळाचेच उदाहरण वर्गात समजावून दिले असेल, तर हा प्रश्न उपयोजनाचा राहत नाही. ती केवळ आठवण ठरते. प्रश्नाची पायरी त्याच्या शब्दांवरून ठरत नाही, आधी काय शिकवले यावरून ठरते.

व्याख्येला महत्त्व नाही, असे आम्ही म्हणत नाही. तिलाही गुण असावेत. पण सगळे गुण तिलाच नसावेत. यासाठी टाचणवहीत तीन रकाने आखावेत : उद्दिष्ट, वर्गातील कृती, प्रश्न. तिन्ही रकान्यांतील क्रियापदे ताडून पाहावीत. पहिल्यात ‘वापरणे’ आणि तिसऱ्यात ‘सांगणे’ असेल, तर प्रश्न बदलावा. गुऱ्हाळावरच्या त्या मुलाला आपले ज्ञान दाखवायला तेवढी जागा पुरेल.