दोन शेंबड्या छत्र्या

मुलांनो, पावसाळ्यात कुत्र्याच्या छत्र्या तुम्ही पाहिल्याच असतील. पण शेंबूड माखल्यासारखी छत्री कधी पाहिली आहे का? ईऽऽ करू नका! युरोपातल्या जंगलांत पानगळीच्या दिवसांत अशा दोन छत्र्या उगवतात. दोन्ही पांढऱ्या, आणि पाऊस पडून गेला की इतक्या बुळबुळीत, की उचलायला जावं तर ओल्या साबणासारख्या हातातून सटकतात. टोपीखालचे पडदे जाड नि विरळ. बोटांत चुरडले तर मेणासारखे लागतात.

एकीचं नाव हायग्रोफोरस एबर्नियस. हायग्रोफोरस म्हणजे ओल बाळगणारी, एबर्नियस म्हणजे हस्तिदंती. दुसरी हायग्रोफोरस कॉसस. हे नाव मोठं गमतीचं आहे बरं का! कॉसस हा एक पतंग. त्याची बोटाएवढी लालसर अळी झाडाच्या खोडात कित्येक वर्षं पोखरत बसते, आणि तिला चक्क बोकडाचा वास येतो. या छत्रीलाही तसाच वास, म्हणून जेम्स सॉवर्बी या इंग्रज चित्रकाराने तिला अळीचं नाव दिलं.

मग सोपं आहे, वास घ्या आणि ओळखा! छे, तसं नाही. एकाच छत्रीला एक जण बोकड म्हणतो, तर दुसऱ्याला काही वासच येत नाही. रंगावर जावं, तर दोघी सख्ख्या बहिणी.

खरी खूण आहे जमिनीखाली. या बुरशीचे बारीक धागे झाडाच्या मुळांना बिलगतात. बुरशी मुळांना पाणी आणि क्षार पुरवते, झाड तिला साखर देतं. मात्र सोबती ठरलेला! एबर्नियसची गट्टी बीचशी, कॉससची ओकशी. पण बीच आणि ओक शेजारी शेजारी असले, की खाली मुळांची सरमिसळ. छत्री नक्की कुणाची, कसं सांगायचं?

(चाखून पाहू, असं मात्र मनातही आणू नका. बीचच्या जंगलात आणखी एक पांढरीशुभ्र छत्री उगवते, अमॅनिटा विरोसा. ती खाल्ली तर बरेच तास काहीच होत नाही. मग उलट्या, जुलाब सुरू होतात आणि यकृत निकामी होऊन माणूस दगावू शकतो. आपल्याकडेही वारुळावरची अळंबी जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय घरी आणत नाहीत, ते उगीच नाही.)

कॉसस म्हणजे नेमकी कुठली छत्री, यावर जाणकारांचा वाद खूप वर्षं चालला. नशिबाने सॉवर्बीची वाळवलेली छत्री जपून ठेवलेली होती, दोनशे वर्षांपूर्वीची! लार्सन आणि याकोबसन या स्वीडनच्या संशोधकांनी तिचा कणभर तुकडा घेऊन त्यातला डीएनए वाचला. २००४ साली त्यांनी निकाल छापला: सॉवर्बीच्या हाती लागलेली छत्री ओकच्या सोबतीची होती.

म्हणजे बोकडाच्या वासाची ती ओकवाली, आणि बीचखालची ती हस्तिदंती.