कोरेगाव भीमाच्या ‘त्या’ फोटोमागची माणसं : एक बटलर, काही पेन्शनर आणि १,५८८ सह्या

दरवर्षी १ जानेवारीला सोशल मीडियावर एक जुना फोटो हमखास फिरतो. दगडी स्तंभ, जमलेली माणसं आणि त्यांच्यात तरुण डॉ. बाबासाहेब आंबेडकर. साल १९२७. फोटोखाली बाबासाहेबांचं नाव असतं आणि ते असायलाच हवं. पण त्या दिवशी तिथे सभा कुणी भरवली होती, हे सहसा लिहिलेलं नसतं.

ती भरवणाऱ्याचं नाव शिवराम जानबा कांबळे. हे गृहस्थ पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये बटलर होते.

आज मोठ्या कंपन्या भेदभाव कसा ओळखायचा आणि कसा थांबवायचा हे शिकायला पगारी सल्लागार बोलावतात. सव्वाशे वर्षांपूर्वी पुणे जिल्ह्यात आणि कोकणात काही माणसं हेच काम पदरमोड करून करत होती. समोर होतं ब्रिटिश सरकार. त्याला पटवून द्यायचं होतं की, तुमचा एक नियम खोट्या शास्त्रावर उभा आहे.

तो नियम होता सैन्यभरतीचा.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. शिपाई म्हणजे नुसती बंदूक नव्हे. बांधलेला पगार, म्हातारपणी पेन्शन आणि मुलांना पलटणीच्या शाळेत शिक्षण. गावात ज्याची सावलीही चालत नव्हती, त्याच्या घरात वाचता-लिहिता येणारी माणसं तयार झाली ती या शाळांमुळे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे पलटणीच्या शाळेतच शिकवत.

१८५७ नंतर मात्र इंग्रज अधिकाऱ्यांच्या डोक्यात ‘लढाऊ वंश’ नावाची कल्पना घर करू लागली. काही जाती-जमाती जन्मजातच लढवय्या, बाकीच्या नाहीत, असं तिचं थोडक्यात सार. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स या कल्पनेचे खंदे पुरस्कर्ते. गुरखे, शीख, पठाण यांना पसंती मिळाली. पलटणी जातवार बांधायचं ठरलं आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. बाबासाहेब तेव्हा जेमतेम एक-दोन वर्षांचे होते.

म्हणजे गावाने शतकानुशतकं जे ठरवलं होतं, त्यावर आता सरकारने ‘शास्त्रीय’ शिक्का मारला. एका फटक्यात नोकरी गेली, पेन्शन गेली, शाळाही गेली.

याविरुद्ध पहिला आवाज उठला तो कोकणातून. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीला राहत होते. तिथल्या पेन्शनर मंडळींना घेऊन त्यांनी ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ ही संस्था काढली, वर्तमानपत्रांतून लिहिलं आणि लष्कराकडे अर्जही तयार केला. त्यांच्या मांडणीत एक गंमत आहे. संस्थेच्या नावात ‘अनार्य’, कारण महात्मा फुल्यांच्या विचारांचा प्रभाव. अर्जात मात्र दावा असा की, आमचे पूर्वज मूळचे क्षत्रियच, दुर्गादेवीच्या दुष्काळात मिळेल ते खावं लागल्यामुळे खाली ढकलले गेले. दोन्ही गोष्टी एकत्र कशा बसणार? पण सरकार जर वंशाच्या भाषेतच ऐकत असेल, तर अर्जही त्याच भाषेत करावा लागतो. वलंगकर १९०० साली वारले. भरती बंद ती बंदच होती.

पुढचं काम पुण्यात कांबळ्यांनी उचललं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्यांनी सासवडला ५१ गावांतल्या महारांची सभा भरवली आणि सरकारकडे अर्ज केला. त्यावर १,५८८ सह्या होत्या. ज्या काळात गावकीची कामं सोडून सभेला जाणं म्हणजे पाटील-कुलकर्ण्यांचा राग ओढवून घेणं, त्या काळातल्या या सह्या आहेत. उपयोग झाला नाही. मग १९१० मध्ये जेजुरीला परिषद झाली आणि तिथून थेट लंडनला, भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्या नावे निवेदन गेलं.

आज हे निवेदन वाचताना चटका लावते ती त्यातली मागणी. आम्हाला मोठी पदं नकोत, त्यासाठी लागणारं शिक्षण आमच्याकडे नाही, आम्हाला सरकारी नोकरीतल्या सर्वांत खालच्या जागा द्या, पोलिस शिपाई करा, सैन्यात साधा शिपाई करा, असा त्याचा आशय. पण त्याच कागदात एक धारदार प्रश्नही आहे. महार माणूस ख्रिस्ती झाला की त्याचा दर्जा लगेच वाढतो. मग ब्रिटिश कायद्याचा न्याय त्याला त्याच्या बापजाद्यांच्या धर्मात राहून का मिळू नये?

दौंडला आज राज्य राखीव पोलिस दलाचे गट क्रमांक ५ आणि ७ आहेत. पोलिसांच्या खाकीसाठी आता सगळ्या जातींची पोरं पहाटे उठून धावण्याचा सराव करतात. १९१० मध्ये तिथून शेजारच्याच तालुक्यात, जेजुरीला, हीच जागा मिळावी म्हणून लंडनला कागद पाठवावा लागला होता.

आता स्तंभाकडे वळू. नकाशात पाहिलं तर कोरेगाव भीमा शिरूर तालुक्यात आहे आणि स्तंभ नदीच्या अलीकडे, हवेली तालुक्यातल्या पेरणे गावाच्या हद्दीत. इथून पुढे गेल्यावर भीमा शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून वाहते. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन शिरूरच्या छावणीतून पुण्याकडे निघाला. सोबत सुमारे आठशे माणसं. रात्रभर सुमारे चाळीस किलोमीटर चालून १ जानेवारीच्या सकाळी तो कोरेगावला पोहोचला, तर समोर दुसऱ्या बाजीरावाची कितीतरी मोठी फौज. दिवसभर लढाई झाली. कोण जिंकलं यावर आजही वाद होतात. पेशव्यांची फौज निघून गेली आणि स्टाँटनही पुण्याला न जाता शिरूरला परतला, एवढं नक्की. लढाई ‘पेशवे विरुद्ध महार’ इतकी सरळही नव्हती. कंपनीकडे इतर जातींचे शिपाई आणि मद्रासचे तोफखानेवाले होते, पेशव्यांकडे अरब शिपाई होते.

मात्र कांबळ्यांना हवा असलेला पुरावा लढाईच्या निकालात नव्हता, तो दगडावर होता. १८२१ मध्ये पायाभरणी झालेल्या या स्तंभावर कंपनीच्या मृतांची नावं कोरली आहेत. ४९ नावांपैकी २२ नावं सोमनाक, रामनाक अशी, शेवटी ‘नाक’ लागणारी. मुंबई फौजेत हा प्रत्यय महार शिपायांच्या नावाला लागत असे. ज्या सरकारने १८९२ नंतर ‘हे लोक लढाऊ नाहीत’ असं ठरवलं, त्याच सरकारने सत्तर वर्षांपूर्वी त्यांच्या शौर्याची पावती दगडात कोरून ठेवली होती. अर्ज केराच्या टोपलीत टाकता येतो, साठ फुटांहून उंच दगड टाकता येत नाही. १ जानेवारीला तिथे माणसं जमवण्यामागे हा हिशोब होता.

या मंडळींचं लक्ष फक्त सरकारकडे होतं असंही नाही. १९०८ मध्ये कांबळ्यांनी ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक सुरू केलं. खंडोबाला मुरळी म्हणून मुली सोडण्याची चाल त्यांच्याच समाजात होती आणि मासिकाने तिच्यावर कोरडे ओढले. मुरळी असलेल्या शिवूबाई जाधव यांनी स्वतःच्या नावाने लिहिलेलं पत्र त्यात छापून आलं. पुढे कांबळ्यांचे सहकारी गणपतराव गायकवाड यांनी शिवूबाईंशी लग्न केलं. नुसता अग्रलेख लिहून थांबणं सोपं होतं. या माणसांनी मुरळीला सून म्हणून घरात आणलं.

सैन्याचं दार उघडलं ते अर्जामुळे नाही, महायुद्धामुळे. माणसं कमी पडू लागली तशी १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं आणि काही वर्षांतच ती मोडली. ‘लढाऊ वंश’ या शास्त्राचं खरं रूप यातून कळतं. गरज असली की ते गुंडाळता येत होतं.

१ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब स्तंभापाशी आले ते या सगळ्यानंतर. त्यांची मांडणी मात्र वेगळ्या वळणाची होती. सरकारने आपल्याला लढाऊ म्हणावं यासाठी थांबून राहायला ते तयार नव्हते. अवघ्या काही महिन्यांत महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. अर्जाकडून हक्काकडे जाणाऱ्या या वाटेवर कांबळेही मागे राहिले नाहीत. ऑक्टोबर १९२९ मध्ये पुण्यातल्या पर्वतीच्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला. पां. ना. राजभोज यांच्यासोबत त्याचं नेतृत्व कांबळे करत होते. तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते. सत्याग्रहींवर दगड पडले. मंदिर उघडलं नाही.

दुसऱ्या महायुद्धात, १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली आणि या वेळी ती मोडली गेली नाही. तिच्या सुरुवातीच्या टोपीवरच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता.