हजेरी कुणाची, कुणासमोर?

मराठीत ‘हजेरी’ या शब्दाबरोबर येणारी क्रियापदे पाहण्यासारखी आहेत. शाळेत हजेरी लागते, कामावर मजुराची हजेरी भरते, पोलीस ठाण्यात हजेरी द्यावी लागते आणि कुणाची खरडपट्टी काढायची असली की आपण त्याची हजेरी घेतो. प्रत्येक वेळी एक घेणारा असतो आणि एक देणारा. तंत्रज्ञान, नागरिकांचे स्वातंत्र्य आणि सरकारचा लांबत चाललेला हात यांविषयी सामान्य माणसाला काय वाटते, हे समजून घ्यायला मला हा शब्द फार उपयोगी वाटतो. भंडारा जिल्ह्यातल्या रोजगार हमीच्या कामांवर ‘खासगीपणा’ हा शब्द मी कधी ऐकलेला नाही. ‘हजेरी’ मात्र दिवसभर ऐकू येते.

भंडारा हा धानाचा जिल्हा. रोवणी आणि कापणी-मळणी आटोपली की अनेक गावांत मजुरांच्या हाताला काम उरत नाही. मग उन्हाळ्यात माजी मालगुजारी तलावांचा, म्हणजे ‘मामा’ तलावांचा गाळ काढणे, बोड्या खोल करणे, पांदण रस्त्यांवर माती टाकणे ही कामे निघतात. २०२५-२६ साठी महाराष्ट्रातला रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. मात्र मातीकामाची मजुरी मोजमापावर ठरते: किती माती खणली, किती दूर टाकली. म्हणून पहाटेच यायचे, ऊन चढण्याआधी वाट्याचा खड्डा पुरा करायचा आणि घरी जायचे, अशी मजुरांची रीत होती.

मे २०२१ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने मोबाइलवरून हजेरी घेणारे ‘एनएमएमएस’ हे ॲप आणले. १६ मे २०२२ पासून वीस किंवा अधिक मजूर असलेल्या कामांवर आणि १ जानेवारी २०२३ पासून वैयक्तिक लाभाची कामे वगळता सर्व कामांवर ते सक्तीचे झाले. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो निघतो आणि त्याबरोबर जागेचे अक्षांश-रेखांशही जातात. १ जानेवारी २०२४ पासून मजुरीही आधारवर आधारित पद्धतीनेच देण्याचे ठरले.

दुसऱ्या फोटोने पहाटेच्या रीतीला धक्का दिला. खड्डा पुरा झाला तरी फोटोसाठी थांबायचे, नाहीतर घरी जाऊन पुन्हा यायचे. मोजमापावर मजुरी देणाऱ्या कामाला घड्याळाची हजेरी जोडली गेली. मे महिन्यातल्या पूर्व विदर्भाच्या उन्हात हा फरक छोटा नसतो. “फोटो नाई निंगला तं रोजी नाई जी,” हे वाक्य मी कितीतरी कामांवर ऐकले. एका वयस्क बाईंनी त्यात आपली भर घातली: “आमचा फोटो सायबाले दिसते, सायबाचा आमाले दिसत नाई.”

पण दुसरे मतही तितक्याच जोराने मांडले जाते. कामावर पाऊल न ठेवणाऱ्यांची नावे मस्टरवर चढवणे हा रोजगार हमीचा जुना रोग आहे. “आता फुकटची नावे तरी चढत नाहीत,” असे समाधानाने सांगणारे मजूर मला भेटले आहेत. बँक खात्यात थेट पैसे आल्याने मधला हात गेला, हेही खरे. यंत्राला विरोध म्हणजे चोरीला पाठिंबा, असा समज त्यातूनच पसरतो. म्हणून चोरी थांबली का, हे तपासायला हवे. जुलै २०२५ मध्ये मंत्रालयानेच परिपत्रक काढून गैरप्रकारांची यादी दिली: कामाशी संबंध नसलेले फोटो, फोटोचाच काढलेला फोटो, मस्टरवरची संख्या आणि फोटोतली माणसे यांत तफावत, दुपारचा फोटोच नसणे. यावर उपाय काय, तर ग्रामपंचायतीने सगळे फोटो डोळ्यांनी तपासायचे. ज्या स्थानिक यंत्रणेवर विश्वास नाही म्हणून ॲप आले, त्याच यंत्रणेकडे ॲपची राखण आली. प्रामाणिक मजुराचे दोन हेलपाटे मात्र कायम राहिले.

गरिबाच्या शरीरावरून त्याची ओळख पटवण्याची सवय राज्यसंस्थेला जुनी आहे. बोटांच्या ठशांची कचेरी ब्रिटिशांनी १८९७ मध्ये कलकत्त्यात उघडली. त्याआधीच १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मानेच संशयित ठरवून त्यांची नोंदणी सुरू केली होती. पोलिसांपुढे हजेरी देणे त्यांच्या जगण्याचा भाग झाले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. रोजगार हमीचा मजूर आणि त्या कायद्याखालचा माणूस एकच आहेत, असे मी म्हणत नाही; मजूर हक्क मागायला आलेला असतो. पण त्याने आधी आपण चोर नसल्याचे सिद्ध करावे, ही अपेक्षा ओळखीची आहे.

न्यायालयाने या प्रश्नाला काय उत्तर दिले? १९६२ च्या खरक सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संशयिताच्या घरी रात्री पोलिसांनी जाणे अवैध ठरवले, पण खासगीपणाचा मूलभूत हक्क मानला नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांनी तो एकमताने मान्य केला. सरकारला त्यात हात घालायचा तर त्यासाठी कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. २६ सप्टेंबर २०१८ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने सरकारी लाभांसाठी आधार वैध ठरले. मात्र ओळख पटली नाही म्हणून हक्काचा लाभ नाकारू नये, असेही बहुमताने बजावले.

या कसोट्या मामा तलावाच्या काठावर लावून पाहा. हेतू रास्त आहे, याबद्दल वाद नाही. पण दोन फोटोंची सक्ती संसदेच्या कायद्याने आली नाही, मंत्रालयाच्या परिपत्रकाने आली. आणि प्रमाणाचे म्हणाल, तर माती मोजून मजुरी देता येत असताना माणसाला दुपारपर्यंत उन्हात अडकवणे कितपत आवश्यक आहे?

मस्टर हे मुळात वरून खाली पाहण्याचेच साधन राहिलेले नाही. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी राबवली, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेचा १९७७ मध्ये कायदा केला आणि काम मागण्याचा हक्क लिहून दिला. राजस्थानात मजुरांनी १९९० च्या दशकात मस्टरच्या प्रती मागितल्या आणि त्या मागणीतून माहितीच्या अधिकाराची चळवळ उभी राहिली. म्हणजे हजेरीपटावरून लोकांनी सरकारची हजेरी घेतली. २००५ च्या रोजगार हमी कायद्यातही ही दुसरी हजेरी होती: मागणीनंतर पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेरोजगार भत्ता, पंधरा दिवसांत मजुरी, आणि ग्रामसभेकडून सामाजिक अंकेक्षण.

आता दोन्ही हजेऱ्यांचे वजन करू. मजुराचा फोटो चुकला तर त्या दिवसाची मजुरी, २०२५-२६ च्या दराने ३१२ रुपये, धोक्यात येते. सरकारने मजुरीला उशीर केला तर भरपाई दिवसाला ०.०५ टक्के. सहा दिवसांची मजुरी १,८७२ रुपये धरली, तर रोज ९४ पैशांच्या आसपास. बाईंचे म्हणणे या हिशेबात चोख उतरते.

म्हणून मागणी ॲप काढून टाकण्यापुरती ठेवली तर ती अपुरी पडेल. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मस्टरशेजारी दुसरा तक्ता हवा: काम कधी मागितले, कधी मिळाले, मजुरी कितव्या दिवशी आली, कोणत्या टप्प्यावर किती दिवस अडली, भरपाई दिली का. फोटो निघाला नाही तर मोजलेली माती पुरावा म्हणून धरावी, हा नियमही त्याच भिंतीवर लिहावा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हे दोन्ही तक्ते मोठ्याने वाचून दाखवायला फार वेळ लागणार नाही.