फुटबॉलच्या हंगामापूर्वींचे दिवस

नारळी पौर्णिमा जवळ आली म्हणजे आमच्या किनाऱ्यावरील कोळीवाड्यांत जी लगबग सुरू होते ती अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या बाजूच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. पावसाळ्यांत किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांस रंग लागतो, जाळीं दुरुस्त होतात, इंजिनें तपासलीं जातात. सर्व तयारी होते. समुद्र यंदां काय देणार, एवढीच एक गोष्ट कोणासही ठाऊक नसते. ज्या घराचें मागील साल रिकामें गेलें तेथें आशा अधिक, आणि ज्या घरीं म्हावरें भरपूर आलें तेथें काळजी अधिक, असा उलटा प्रकार या दिवसांत दिसतो. पोटाचा प्रश्न असल्यामुळें तेथें ही आशा आणि ही काळजी स्वाभाविकच होय. परंतु ज्यांत पोटाचा कांहीं संबंध नाहीं, ज्यांतून आपणांस एक कवडीही मिळावयाची नाहीं, अशा एखाद्या खेळाच्या हंगामापूर्वीं सहस्रावधि माणसें तशीच आशा आणि तशीच काळजी वाहत असतात, हें काय गूढ आहे? त्याचा उलगडा करण्याचा प्रयत्न आम्ही येथें करीत आहों.

महाराष्ट्रांत हा प्रकार पाहावयाचा असेल तर कोल्हापुरासच गेलें पाहिजे. आमच्या रायगड जिल्ह्याचें प्रेम हुतूतूवर, ज्यास आतां सर्वजण कबड्डी म्हणतात त्या खेळावर, पिढ्यान्‌पिढ्या आहे; मुंबईचें क्रिकेटवर आहे; पण कोल्हापूरच्या पेठांचें मन चेंडूला पायानेंच मारण्यांत गुंतलें आहे. मौज अशी कीं हा इंग्रजी खेळ तेथें कुस्तीच्या आखाड्यांतून वाढला. शाहू महाराजांनीं 1894 पासून 1922 पर्यंतच्या आपल्या राजवटींत मल्लविद्येस जो आश्रय दिला, त्यामुळें पेठेपेठेंत तालमी गजबजल्या. खासबागेचें कुस्तीचें विशाल मैदान 1912 सालीं सिद्ध झालें तें त्याच काळचें. पुढें या तालमींतील तरुण फुटबॉलकडे वळले आणि संघांस नांवें तालमींचींच राहिलीं. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ हे सारे फुटबॉलचे संघ आहेत, असें परगांवच्या माणसास सांगितलें तर तो प्रथम चकितच होतो. त्यांच्या जोडीस शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडीचा संघ इत्यादि आहेतच. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन ही नियामक संस्था 1940 सालीं स्थापन झाली. शाहू स्टेडियमवर तिच्या देखरेखीखालीं सामने होतात, आणि मोठ्या सामन्याच्या दिवशीं तेथील पायऱ्यांवर बसावयास जागा मिळणें कठीण होतें.

येथें आमच्या प्रश्नाचा पहिला उलगडा होतो. तालीम ही पेठेची असते. त्या पेठेंत जन्मलेल्या मुलास आपण कोणत्या संघाचे हें ठरवावें लागत नाहीं. ज्याप्रमाणें आडनांव मिळतें त्याप्रमाणें संघही मिळतो. आडनांव जसें कोणी सहसा बदलीत नाहीं, तसा संघही बदलतां येत नाहीं. नाटक आवडलें नाहीं तर आपण दुसऱ्या नाटकास जातों. दुकानदारानें वजनांत कसर केली तर दुसरें दुकान पाहतों. पण आपला संघ हरला म्हणून शेजारच्या पेठेच्या संघाचा जयजयकार करणारा मनुष्य कोल्हापुरांत तरी आमच्या ऐकिवांत नाहीं. ज्या गोष्टीपासून सुटका नाहीं तिची काळजी वाटणें क्रमप्राप्तच आहे.

दिवाळी संपली म्हणजे तेथें हंगामाचे वारे वाहूं लागतात. प्रथम खेळाडूंची नोंदणी होते, म्हणजे कोणता खेळाडू यंदां कोणत्या संघाकडून खेळणार हें कागदावर लिहून पक्कें केलें जातें. बाहेरच्या मनुष्यास ही केवळ कचेरींतील कारकुनी वाटेल. परंतु चाहत्याच्या दृष्टीनें हंगामाचे अर्धे सामने याच दिवसांत खेळले जातात. गतवर्षीं ज्यानें आपल्यासाठीं गोल केले तो आतां प्रतिस्पर्ध्याकडे चालला आहे, अशी कुणकुण लागते; दुसऱ्या दिवशीं ती खोटी ठरते; तिसऱ्या दिवशीं पुन्हां खरी ठरते. चहाच्या दुकानांत, तालमीच्या कट्ट्यावर अकरा जणांची यादी मांडली जाते आणि मोडली जाते. गोलरक्षक जुनाच बरा कीं नवा? मधल्या फळीस दम कोणाचा आहे? गुडघा दुखावलेला गडी खेळावयास उभा राहील काय? या वादांत वय, शिक्षण, प्रतिष्ठा यांचा कांहींएक भेद उरत नाहीं, आणि आमच्या मतें या दिवसांतील खरें सुख तेंच आहे. एकही चेंडू मारला गेलेला नसतो, म्हणून कोणाचेंही मत अद्याप खोटें ठरलेलें नसतें.

आतां आशेविषयीं. कमकुवत संघाच्या चाहत्यासही यंदां आपण जिंकूं असें वाटतें, यास कित्येक सुज्ञ पालक वेडेपणा म्हणतील. पण तें अगदींच वेडेपण नाहीं, आणि त्याचें कारण या खेळाच्या घडणींत आहे. कबड्डीच्या एका सामन्यांत दोन्ही बाजूंचे मिळून पन्नास साठ गुण सहज होतात. जो संघ थोडा सरस असेल त्याचा सरसपणा प्रत्येक चढाईगणिक थोडाथोडा सांचत जातो आणि शेवटीं बहुधा तोच जिंकतो. फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटें चालून एका गोलावर सुटतो. गोल इतके थोडे होत असल्यामुळें एक घसरलेला पाय, चिखलांत अडकलेला एक चेंडू, खांबाला लागून परत आलेला एक फटका, सबंध निकाल फिरवूं शकतो. याचमुळें दुबळ्यास आशेला जागा राहते, आणि त्याचमुळें बलवानासही निश्चिंत झोंप लागत नाहीं. 1950 सालच्या विश्वचषकांत इंग्लंडसारख्या मातबर संघास अमेरिकेच्या नवख्या संघानें ब्राझील देशांत एका गोलानें हरविलें, तें अशाच एका गोलाच्या बळावर.

एक सामना दैवानें जिंकतां येईल, पण सबंध हंगाम? त्याचेंही उदाहरण आहे. इंग्लंडांतील लेस्टर सिटी हा संघ 2015 सालीं खालच्या श्रेणींत ढकलला जाण्यापासून कसाबसा वांचला होता. पुढील हंगाम सुरू होण्यापूर्वीं तिकडील पैजा घेणारांनीं तो विजेता होण्याचा भाव पांच हजारांस एक असा लावला होता. (पैजेचें आम्ही समर्थन करीत नाहीं, केवळ लोकांस तें किती अशक्य वाटत होतें एवढेंच दाखवावयाचें आहे.) 2016 च्या मे महिन्यांत तोच संघ विजेता ठरला. तेव्हांपासून जगांतील प्रत्येक दुबळ्या संघाच्या चाहत्याच्या जिभेवर हें एक नांव तयार असतें. मात्र या कथेचा उत्तरार्ध फारसा कोणी सांगत नाहीं. विजयानंतर त्या संघाचा एक उत्तम गडी, एन्गोलो कांते, चेल्सी या धनाढ्य संघाकडे गेला. पुढील हंगामांत लेस्टर बाराव्या स्थानावर घसरला आणि ज्या शिक्षकानें तो चमत्कार घडविला त्या रानिएरी यांस 2017 च्या फेब्रुवारींत हंगामाच्या मध्येंच निरोप देण्यांत आला. जिंकणाऱ्यास हंगामापूर्वीं अधिक काळजी कां असते, हें येथें दिसून येईल. त्याच्यापाशीं गमावण्यासारखें कांहीं असतें.

गुणांची पद्धतही या मनःस्थितीस कारण होते. पूर्वीं विजयास दोन आणि बरोबरीस एक गुण देत असत. इंग्लंडांत 1981 सालापासून विजयास तीन गुण देण्यास आरंभ झाला आणि 1994 च्या विश्वचषकापासून ती रीत सर्वत्र रूढ झाली. त्यामुळें बरोबरीची किंमत उतरली. आठ संघ एकमेकांशीं एकेकदां खेळले तर एकंदर अठ्ठावीस सामने होतात, पण एका संघाच्या वांट्यास केवळ सातच येतात. सातांपैकीं पहिले दोन बरोबरींत सुटले तरी सहांपैकीं चार गुण हातचे जातात. हा हिशेब ज्यास समजतो तो चाहता पहिल्या सामन्याची वाट पाहतांना इतका कां अस्वस्थ असतो तें सांगावयास नको. आमचे गणिताचे विद्यार्थी सोळा संघांचा हिशेब स्वतः करून पाहतील तर बरें.

काळजीचा दुसरा एक प्रकार अलीकडचा आहे, आणि तो आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. कोल्हापूरच्या संघांत आतां गोवा, बंगाल, इतकेंच काय पण नायजेरियासारख्या दूरच्या देशांतील खेळाडूही मोबदला घेऊन खेळतात. त्यांच्यामुळें खेळाचा दर्जा वाढतो, स्थानिक मुलांस नवें शिकावयास मिळतें, यांत शंका नाहीं. परंतु संघांत जागा अकराच. परगांवचा एक गडी आंत आला कीं पेठेंतला एक मुलगा बाहेर बसतो. संघ जिंकावा असें तर वाटतें, आणि आपल्याच गल्लींतला मुलगा मैदानांत दिसावा असेंही वाटतें. या दोन इच्छांचा मेळ प्रत्येक हंगामापूर्वीं बसवावा लागतो. बाहेरच्या खेळाडूंच्या संख्येस मर्यादा घालण्याचे नियम याचसाठीं करावे लागतात. अशा नियमांच्या छायेंत स्थानिक मुलें वाढलीं तर तीं दूर जाऊं शकतात. 2017 सालीं सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक आपल्या देशांत भरला, तेव्हां भारताच्या संघांत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. भारत तिन्ही सामने हरला, तरी आपल्या गांवचा मुलगा विश्वचषकांत खेळला ही गोष्ट तेथील लोकांस त्या पराभवाहून मोठी वाटली असल्यास नवल नाहीं.

अमेरिकेंत तर महाविद्यालयांच्या संघांभोंवतीं अशा चाहत्यांचें एक स्वतंत्र विश्वच उभें आहे. तेथील फुटबॉल आपल्याहून निराळा, अंडाकृति चेंडू हातांत घेऊन धांवण्याचा आहे. तथापि त्याचा आरंभ म्हणून जो सामना मानतात तो रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन विद्यालयांमध्यें 6 नोव्हेंबर 1869 रोजीं झाला व तो पुष्कळसा आपल्या फुटबॉलसारखाच होता. रटगर्सनें तो सहास चार असा जिंकला. आज मिशिगन विद्यापीठाच्या मैदानांत एका लाखाहून अधिक माणसें बसतात. विद्यालयाच्या संघाची एक मोठी अडचण अशी कीं त्याचे खेळाडू परीक्षा उत्तीर्ण होऊन निघून जातात. ज्यास चार वर्षें घडवावें तो चौथ्या वर्षीं पदवी घेऊन निरोप घेतो. 2021 पासून तर तेथील विद्यार्थ्यांस स्वतःच्या नांवावर पैसा मिळविण्याची मुभा मिळाली आणि एका विद्यालयांतून दुसऱ्यांत जाऊन लगेच खेळणें सोपें झालें; तेव्हांपासून गेल्या वर्षींचा संघ यंदां ओळखूं येईल कीं नाहीं, अशी धास्ती तिकडील चाहत्यांस पडते. आमच्या शाळांची गोष्ट याहून वेगळी नाहीं. फरक इतकाच कीं आमचे खेळाडू दहावी होऊन जातात, आणि त्यांच्यामागें कोणी थैली घेऊन धांवत नाहीं.

पालकांची काळजी निराळी असते व ती आम्ही क्षुल्लक मानीत नाहीं. कोल्हापूरचा हंगाम हिंवाळ्यांत सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. म्हणजे ऐन भरांत असतांना शालांत परीक्षा येऊन उभी राहते. शिवाय पेठेचा अभिमान हातघाईवर येण्यास वेळ लागत नाहीं. दोन संघांच्या अभिमान्यांत स्टेडियमवर दगडफेक व मारामाऱ्या झाल्याचे प्रसंग घडले आहेत, पोलिसांस मध्यें पडावें लागलें आहे. ज्यांना वाटतें कीं आरडाओरड केली म्हणजे संघास बळ येतें, त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट राहत नाहीं. दंग्यापायीं सामना थांबला तर त्याचा भुर्दंड दगड मारणाऱ्यास पडत नाहीं. वर्षभर पहांटे उठून धांवलेल्या मुलास पडतो. खेळ बंद पडण्याचें दुःख काय असतें तें 2020 सालीं सर्वांनाच कळलें. त्या मार्च महिन्यांत साथीमुळें देशांतील मैदानें ओस पडलीं, आणि कोल्हापूरचा हंगामही अर्ध्यावरच राहिला. त्या वर्षीं हार नव्हती, जीत नव्हती, आणि कट्ट्यावर वाद घालावयास विषयही नव्हता.

आमच्या किनाऱ्यावरील शाळांचा फुटबॉलचा हंगाम कोल्हापुराप्रमाणें दिवाळीनंतर येत नाहीं, तो भर पावसांत येतो. सुब्रतो चषकाची स्पर्धा 1960 सालापासून शाळांसाठीं भरत आली आहे. तिच्या प्राथमिक फेऱ्या शाळा उघडल्यावर थोड्याच दिवसांत सुरू होतात. तेव्हां मैदानांत घोट्याएवढें पाणी असतें, चेंडू मारला तर चार हातांवर थांबतो, आणि उंच मारावा तर समुद्राकडून येणारा वारा त्यास भलतीकडेच नेतो. अशा मैदानांत जमिनीलगत सफाईनें चेंडू देणारा संघ गोंधळतो आणि दांडगा संघ वरचढ होतो. म्हणून कागदावरची तुलना येथें फारशी उपयोगी पडत नाहीं. जूनमध्यें नव्या वर्गांत बसलेलीं मुलें खिडकीबाहेरचा पाऊस पाहत हाच विचार करीत असतात कीं दहावीचा गोलरक्षक तर गेला, आतां खांबांमध्यें उभें कोण राहणार.