पर्यावरणाची समिती आपल्याच ग्रामपंचायतीत आहे

जऊळक्याहून आम्ही बोलतोय.

मागच्या पावसाळ्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एकीनं सहज विचारलं, "यंदा तरोट्याची भाजी कोणी कोणी खाल्ली?" बारा जणींत चौघींनी हात वर केले. "आणि कुंजर?" एकच हात वर आला, आणि तिनंही ती माहेरीच खाल्ली होती. मग काटवल, चिवळ, घोळ, केना, जिवतीची फुलं अशी यादीच निघाली. आमच्या लहानपणी निंदणाला गेलेली बाई ओट्यात भाजी घेऊनच घरी यायची. आता सोयाबीनमध्ये तणनाशक मारतात, हात लागला की धुऱ्यावरही मारतात. धुराच जळला तर भाजी कुठून येणार?

हप्ते भरून झाले तरी त्या दिवशी कोणी उठलं नाही. एकीनं ई-क्लासच्या जमिनीवरच्या गवताचा विषय काढला, दुसरीनं नाल्यातल्या रेतीचा, तिसरीनं पांदणीवरच्या तोडलेल्या चिंचेचा. सगळ्या बोलल्या आणि शेवटी प्रश्न एकच उरला. हे सांभाळायचं तर जायचं कुणाकडे?

पर्यावरणवाले लोक शहरात असतात, अकोल्याला नाहीतर नागपूरला, असंच आम्हाला वाटायचं. विचारपूस केली तेव्हा कळलं की अशी समिती प्रत्येक ग्रामपंचायतीत असलीच पाहिजे, असा देशाचा कायदा आहे. तिच्यात बायांच्या जागाही ठेवलेल्या आहेत. आज तिच्याबद्दलच सांगतो.

समिती कोणती?

तिचं नाव जैवविविधता व्यवस्थापन समिती. नाव जड आहे, अर्थ सोपा आहे. आपल्या शिवारात जे जे जिवंत आहे, म्हणजे झाडं, गवत, रानभाज्या, पाखरं, मासे, गायी-बकऱ्यांच्या जाती, जुनी बियाणं, ती सगळी जैवविविधता. ती सांभाळणारी गावची समिती म्हणजे ही.

२००२ साली जैविक विविधता कायदा झाला. त्याच्या ४१व्या कलमात प्रत्येक स्थानिक संस्थेनं अशी समिती करावी, असं लिहिलं आहे. २००४च्या नियमांत समितीची रचना दिली. एक अध्यक्ष आणि जास्तीत जास्त सहा सदस्य. सदस्यांत किमान एक तृतीयांश महिला आणि किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे लोक. सदस्य गावातच राहणारा असावा आणि मतदार यादीत त्याचं नाव असावं. नेमणूक ग्रामपंचायत करते. २०२३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि समिती सात ते अकरा जणांची असावी असं ठरलं. म्हणून आपल्या समितीत आज किती जागा आहेत आणि त्यातल्या बायांच्या किती, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याला नियम दाखवायला सांगूनच विचारा.

समितीची मुख्य कामं दोन. पहिलं काम, गावातल्या लोकांना विचारून लोक जैवविविधता नोंदवही तयार करणं. आपल्या शिवारात काय आहे, कुठे आहे, त्याचा उपयोग काय, पूर्वी काय होतं आणि आता काय उरलं, हे तिच्यात लिहायचं. दुसरं काम राखणीचं. बाहेरचा व्यापारी धंद्यासाठी गावाच्या हद्दीतून वनस्पती किंवा डिंकासारखा माल गोळा करून नेत असेल, तर त्याच्याकडून शुल्क घ्यायचा अधिकार समितीला आहे. समितीच्या कामाला मार्गदर्शन करणारं महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ आपल्या नागपुरातच आहे.

मग ती दिसत का नाही?

कायदा झाला, पण कित्येक वर्षं बऱ्याच गावांत समित्याच झाल्या नाहीत. २०१६ साली हे प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेलं. पर्यावरणाचे खटले चालवणारं हे वेगळं न्यायालय आहे. २०१९मध्ये त्यानं सगळ्या राज्यांना बजावलं की ३१ जानेवारी २०२०पर्यंत समित्या आणि नोंदवह्या पूर्ण करा, नाहीतर १ फेब्रुवारीपासून दरमहा दहा लाख रुपये भरा. मग सगळीकडे धावपळ झाली. चार-पाच महिन्यांत हजारो गावांच्या नोंदवह्या करायच्या म्हटल्यावर काही चांगल्या झाल्या, काही नुसत्या भरल्या गेल्या.

आमच्या पाहण्यातल्या एका गावाची गोष्ट सांगतो, गावाचं नाव घेत नाही. तिथल्या वहीत झाडांची यादी लांबलचक होती. पण रानभाज्यांच्या पानावर मेथी, पालक आणि कोथिंबीर लिहिलेली! कोणत्याही बाईला विचारलं असतं तर तिनं पंधरा नावं बसल्या जागी सांगितली असती. समितीत दोन बायांची नावं होती. त्यातल्या एकीला आपण सदस्य आहोत हे आम्ही सांगितलं तेव्हा कळलं. तिनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "सही तर माझीच दिसते बाई!"

हसू येतं, पण यात आपलं नुकसान आहे. जे वहीत नाही, ते उद्या गेलं तर गेलं म्हणायलाही कागद राहत नाही.

बायांना काय ठाऊक असतं?

कोणती भाजी मृगात निघते आणि कोणती पोळ्याला, हे आपल्याला ठाऊक असतं. कोणत्या विहिरीचं पाणी मार्चमध्ये आटतं, कोणत्या झाडाचं सरपण धूर करतं, बाळंतिणीला काय द्यायचं, बरबटीचं जुनं बी कोणाच्या मडक्यात आहे, हेही आपणच सांगू शकतो. हीच माहिती नोंदवहीला लागते.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांनी गावरान बियाणं जपलं, गटातल्या बायांना वाटलं, बियाण्याची बँक उभी केली. २०२० सालच्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं.

आपल्या जवळचं उदाहरण तणमोराचं आहे. तणमोर हा गवतात राहणारा दुर्मीळ पक्षी. पावसाळ्यात नर गवतातून उंच उडी मारतो, म्हणून तो दिसतो. अकोला-वाशीमच्या माळांवर तो येतो. त्याची खरी माहिती होती ती फासेपारधी लोकांना, कारण पिढ्यान्‌पिढ्या ते पाखरं धरत आले. कारंज्याच्या संवेदना संस्थेनं त्यांना दूर लोटलं नाही, सोबत घेतलं. ज्यांना फास लावता येत होते, तेच पुढे गवताचे आणि घरट्यांचे राखणदार झाले. ज्याच्याजवळ माहिती आहे त्याला समितीत मानाची जागा मिळाली तरच काम टिकतं, हे आम्ही यातून शिकलो.

आत शिरायचं कसं?

आधी विचारा. समिती आहे का, सदस्य कोण आहेत, नोंदवही कुठे आहे? तोंडी उत्तर मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपये फी लागते, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तीही नाही. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. समिती नेमल्याच्या ठरावाची प्रत आणि नोंदवहीची प्रत, एवढंच मागा.

मग महिला सभेत विषय मांडा. ग्रामसभेआधी बायांची वेगळी सभा घ्यायची, हे आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यातच आहे. कोणाकोणाला समितीत घ्यायचं ती नावं तिथे ठरवा आणि ठराव इतिवृत्तात लिहून घ्या. लिहिल्यावर वाचून दाखवायला सांगा. नावं ठरवताना जिला रानाची माहिती आहे तिला आधी घ्या. मेंढपाळाची बायको, मजुरीला जाणारी बाई, सुईण, वस्तीवरची म्हातारी यांना विसरू नका.

तिसरं काम शिवारफेरीचं. पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा, दोन म्हाताऱ्या आणि शाळेतल्या दोन मुली सोबत घेऊन फिरा. म्हाताऱ्या नावं सांगतील, मुली लिहून घेतील. औषधी झाडाची माहिती एखाद्या घरची विद्या असेल, तर त्या घराला विचारल्याशिवाय ती वहीत लिहू नका.

गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावात कोणत्याही निर्णयाआधी अभ्यास गट बसतो आणि निर्णय सगळ्यांच्या संमतीनं होतो. त्या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. आपल्याकडे तेवढं जंगल नाही, पण आधी समजून घेणं आणि मग बोलणं ही त्यांची रीत आपल्यालाही उपयोगी आहे.

भांडण होईल का?

खरं सांगायचं तर होऊ शकतं. रेती नेणारा ट्रॅक्टर कोणाचा तरी भाऊ चालवत असतो. ई-क्लासवर नांगर घालणारा आपल्याच भावकीतला असतो. घरूनही म्हणतात, "तुला काय पडलंय?"

आम्ही आमच्यापुरते काही नियम केले आहेत. एकटीनं अडवायला जायचं नाही, रात्री तर नाहीच. जे बोलायचं ते गटाच्या नावानं आणि लेखी, अर्ज दिला की पोच घ्यायची. माणसाचं नाव न घेता जागा, तारीख आणि काय घडलं एवढंच लिहायचं. झाड तुटताना दिसलं तर आधी परवानगीचा कागद आहे का, ते विचारायचं. १९६४च्या वृक्षतोड कायद्यानुसार आंबा, चिंच, मोह, जांभूळ अशी झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी तोडायला परवानगी लागते. कागद असेल तर वाद संपला. नसेल तर तहसील आणि वन विभागाकडे अर्ज.

आणि एक गोष्ट मनात पक्की ठेवा. नोंदवहीत नाव आलं म्हणून झाड आपोआप वाचत नाही. पण ग्रामसभेचा ठराव आणि नोंदवहीचं पान हातात असलं की साहेबाच्या टेबलासमोर उभं राहताना पाय थरथरत नाहीत.

बाहेरची संस्था हवी का?

कधीकधी लागते. लोणार आपल्यापासून दूर नाही. त्या सरोवराच्या राखणीसाठी लोकांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जावं लागलं, आणि नोव्हेंबर २०२०मध्ये सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पाणथळ जागांना मिळणारा हा जगाचा मान आहे. न्यायालयाचं, पाणी तपासण्याचं, पाखरं मोजण्याचं काम एकट्या गटाला झेपत नाही. अशा वेळी जाणकार संस्थेशी जोडून घ्यावं.

पण जोडताना चार प्रश्न विचारा. पैसा कुठून येतो? ग्रामसभेत येऊन बोलाल का? सही घ्यायचा कागद मराठीत वाचून दाखवाल का? आमची माहिती कुठे छापणार आणि त्यावर नाव कोणाचं? चांगली संस्था या प्रश्नांनी रागावत नाही.

आपल्या तालुक्यातून वाहणारी काटेपूर्णा पुढे महानच्या धरणात जाते आणि तेच पाणी अकोला शहर पितं. आपण नाल्याकाठचं गवत राखलं तर माती थांबते, पाणी मुरतं, आणि त्याचा लाभ जिला आपण कधी पाहिलंही नाही अशा बाईच्या घागरीपर्यंत पोहोचतो.

तर या महिन्याच्या बैठकीत हप्ते भरून झाले की लगेच उठू नका. एक कोरी वही घ्या. पहिल्या पानावर तारीख टाका आणि गटातल्या सगळ्यात वयस्कर आजीला विचारा, "तुमच्या काळी धुऱ्यावर काय काय उगवायचं?" त्या सांगतील ते लिहून घ्या. आम्ही लिहिलं तेव्हा पहिल्याच दिवशी एकतीस नावं झाली. ती वही घेऊनच आम्ही महिला सभेला गेलो.

तुमच्या वहीत किती नावं झाली, ते आम्हाला जरूर कळवा.